क्रूगर नॅशनल पार्कमधल्या कॅम्पात राहायचंय? सारखे विचारले जाणारे प्रश्न

दक्षिण आफ्रिकेतल्या क्रूगरला आम्ही दोनदा जाऊन आलो, एकदा मे महिन्यात फक्त आम्ही चौघं आणि एकदा दिवाळीत आईबाबांना घेऊन. तेव्हापासून नातेवाईक, ऑफिसातले, सोसायटीतले सगळे तेच तेच प्रश्न पाठवतात आणि मी तीच तीच उत्तरं फोनवर टाइप करत बसतो, म्हणून एकदाच सगळं इथे लिहून ठेवलंय. आधी सोपे प्रश्न आहेत, अडनिडे शेवटी. दर आणि नियम बदलतात, त्यामुळे पैसे भरायच्या आधी पार्कच्या साइटवर एकदा बघून घ्या.

१. कॅम्प म्हणजे नक्की काय? तंबूत झोपायचं का?

तंबूत झोपायचं असेल तर तंबू आहेत, पण बहुतेक लोक पक्क्या खोलीत राहतात. क्रूगरमध्ये सरकारी पार्क खात्याचे मुख्य रेस्ट कॅम्प १२ आहेत, स्कुकुझा, लोअर साबी, साटारा, ओलिफंट्स, लेटाबा, पुंडा मारिया वगैरे. प्रत्येक कॅम्प म्हणजे कुंपणाच्या आतलं एक छोटं गावच समजा: रिसेप्शन, दुकान, बहुतेक ठिकाणी रेस्टॉरंट आणि पेट्रोल पंप, आणि मग झाडाखाली गवताच्या छपराच्या गोल खोल्या, त्यांना रॉन्डाव्हेल म्हणतात. आत पलंग, पंखा किंवा एसी, बाथरूम, बाहेर ओटा आणि निखाऱ्यावर भाजायची जाळी. एमटीडीसीचं रिसॉर्ट आठवा, फक्त कुंपणापलीकडे सिंह.

२. मसाई मारा किंवा सेरेंगेटी सोडून क्रूगर का?

तिकडे बहुतेक वेळा ड्रायव्हर-गाइडसकट पूर्ण पॅकेज घ्यावं लागतं, कॅम्पाला बऱ्याचदा कुंपण नसतं आणि बिल डॉलरमध्ये येतं. क्रूगरमध्ये साधी भाड्याची कार घेऊन स्वतः फिरता येतं, स्वतः स्वयंपाक करता येतो आणि डांबरी रस्ते आहेत. लाखो वाइल्डबीस्टचे कळप बघायचे असतील तर मात्र मारा-सेरेंगेटीलाच जा, ते क्रूगरमध्ये दिसणार नाही. आणि ताडोबासारखी जिप्सी, गाइड, सकाळची-दुपारची पाळी असला प्रकार क्रूगरला नसल्यामुळे पहिल्या दिवशी जरा पोरकं वाटतं, मला तर वाटलं होतं.

३. मेच्या सुट्टीत जावं की दिवाळीत?

प्राणी बघायचे असतील तर मे. तिकडे ऋतू उलटे, मे ते सप्टेंबर कोरडा हिवाळा, गवत कमी होत जातं, झाडं झडतात, प्राणी पाणवठ्यावर येतात. फक्त मेमध्ये अजून थोडं हिरवं असतं, ऑगस्ट-सप्टेंबर सगळ्यात उघडं. सकाळी कडाक्याची थंडी असते, स्वेटर-कानटोपी घ्याच, लोक आफ्रिका म्हणजे ऊन समजून टीशर्टवर जातात आणि मग कॅम्पाच्या दुकानातून महागडं जॅकेट घेतात (हो, आम्हीच ते). दिवाळीत उकाडा आणि पहिले पाऊस, पण हिरवळ, पक्षी खूप, आणि नोव्हेंबर-डिसेंबरात इम्पाला हरणांची पिल्लं. पाचशेहून जास्त जातींचे पक्षी आहेत, त्यामुळे पक्षीवेडे असाल तर दिवाळीच बरी.

४. बुकिंग किती आधी करायचं आणि कुठल्या प्रकारची खोली?

बुकिंग साधारण ११ महिने आधी उघडतं. तिथल्या शाळांच्या सुट्ट्या, म्हणजे जून-जुलै आणि डिसेंबर, पटापट भरतात. खोली निवडताना वर्णन नीट वाचा, इथेच लोक फसतात. सगळ्यात स्वस्त 'हट', त्यात बाथरूम आणि स्वयंपाकघर सामाईक. 'बंगलो' म्हणजे स्वतःचं बाथरूम, बहुतेकांत छोटं किचन. पण काही बंगल्यांत फ्रिज असतो आणि भांडी नसतात! सामाईक किचनमध्येही शेगडी आणि सिंक मिळतं, कढई-चमचे आपले आपणच न्यायचे. 'कॉटेज' मोठ्या कुटुंबाला बरं. ज्यांना अगदी जुन्या काळात गेल्यासारखं राहायचंय त्यांनी बालुले बघावं, तिथे वीजच नाही, कंदिलावर राहायचं. बायकोला हे फार आवडलं, आईला अजिबात नाही.

५. खर्च किती येतो?

दोघांच्या बंगल्याला रात्रीचे साधारण दीड ते दोन हजार रँड धरा, रँड आपल्या पाच रुपयांच्या आसपास पकडला तर हिशोब लागतो. याशिवाय परदेशी माणसाला रोजची प्रवेश फी, माणशी ५०० रँडच्या वर, मुलांना निम्मी. ही फी रोज लागते हे बरेच जण विसरतात आणि चौघांचं सहा दिवसांचं गणित एकदम चुकतं. आठ-दहा दिवस राहणार असाल तर वर्षभराचं वाइल्ड कार्ड (प्रवेशाचा वार्षिक पास) स्वस्त पडतं का ते बघा. पार्काच्या हद्दीतच खाजगी लॉजही आहेत, स्कुकुझाजवळ जुन्या रेल्वे पुलावर डबे उभे करून केलेलं हॉटेल आहे, पण त्यांचे दर निराळ्याच जगातले, ते या पानात धरलेले नाहीत.

६. कुठले कॅम्प घ्यावेत?

पार्क उत्तर-दक्षिण जवळजवळ ३६० किलोमीटर लांब आहे, त्यामुळे एकाच कॅम्पात सहा रात्री काढू नका आणि सहा कॅम्पात एकेक रात्रही करू नका, रोज सामान भरण्यात जीव जातो. पहिल्यांदा जाणाऱ्यांना मी हे सांगतो: दोन रात्री लोअर साबी, दोन साटारा, एक-दोन ओलिफंट्स. लोअर साबी नदीच्या काठावर, बाहेर पडलं की लगेच सनसेट डॅम, पाणघोडे आणि मगरी चहा पिता पिता बघा. साटाराच्या गवताळ भागात सिंह दिसायची शक्यता जास्त, तिथला एस-१०० रस्ता पहाटे कराच. ओलिफंट्स कड्यावर आहे, ओट्यावरून खाली नदी आणि हत्ती. लेटाबाला हत्तींचं म्युझियम आहे, भल्यामोठ्या सुळ्यांचे नामांकित हत्ती होते त्यांचे सुळे ठेवलेत, आणि कॅम्पात बुशबक हरणं ओट्यापाशी येऊन उभी राहतात. स्कुकुझा सगळ्यात मोठा आणि सोयीचा, पण गजबजलेला. तरी दुकानाच्या वळचणीला लटकणारी फळवाघळं बघायला एकदा थांबा.

७. गाडी स्वतः चालवायची? आपलं लायसन चालतं का?

चालवायची, आणि बिनधास्त. गाड्या डाव्या बाजूनेच चालतात, स्टिअरिंग उजवीकडे. आपलं इंग्रजी छापलेलं लायसन आणि सोबत आरटीओतून काढलेलं इंटरनॅशनल परमिट दोन्ही ठेवा, भाड्याच्या गाडीवाले परमिट मागतात, आणि डिपॉझिटला ड्रायव्हरच्याच नावाचं क्रेडिट कार्ड लागतं. साधी सेडान पुरते पण जरा उंच गाडी घेतली तर गवतापलीकडचं दिसतं. जोहान्सबर्गहून दक्षिणेकडच्या गेटांपर्यंत चार-पाच तास, दिवसाउजेडी करा. पार्कात डांबरी रस्त्यावर ताशी ५०, कच्च्यावर ४०, आणि स्पीडचे कॅमेरे खरोखर लावतात. रस्ता सोडून गाडी घालायची नाही. सनरूफमधून पोरं बाहेर काढायची आपल्याकडची हौस तिकडे चालत नाही, शरीराचा कुठलाही भाग गाडीबाहेर काढायला बंदी आहे.

८. गेटच्या वेळा एवढ्या महत्त्वाच्या का? सगळे सारखं तेच सांगतात.

कारण सगळा दिवस त्यावरच चालतो. कॅम्पाचं गेट ठरलेल्या वेळी उघडतं, ठरलेल्या वेळी बंद होतं आणि तेवढ्यात तुम्ही आत पाहिजे. मे ते जुलै सकाळी ६ ते संध्याकाळी ५.३०. ऑक्टोबरात ५.३० ते ६. नोव्हेंबर ते जानेवारी कॅम्पाचं गेट पहाटे ४.३० लाच उघडतं, संध्याकाळी ६.३० ला बंद, पण पार्काची बाहेरची गेटं तेव्हाही ५.३० ला उघडतात. म्हणजे आत मुक्काम असेल तर बाहेरून येणाऱ्यांच्या आधी पूर्ण एक तास तुम्ही रस्त्यावर असता, आणि तो तास सोन्याचा. पार्कबाहेर स्वस्त हॉटेल घेऊन रोज आत येऊ का असं विचारणाऱ्यांना माझं हेच उत्तर. उशीर झाला तर दंड होतो, आणि दंडापेक्षा वाईट म्हणजे अंधारात रस्त्यावर एकटे आहात. पहिल्या दिवशी विमान उशिरा उतरलं तर प्रश्न १८ बघा.

९. एका दिवसात किती अंतर होतं?

नकाशा बघून फसू नका. स्कुकुझा ते साटारा ९३ किलोमीटर, पुणे-लोणावळ्याच्या साधारण दीडपट, पण थांबत थांबत चार तास सहज. ताशी २५ किलोमीटर धरून प्लॅन करा. आम्ही पहिल्या ट्रिपला स्कुकुझाहून सकाळी निघून लेटाबापर्यंत जाऊ असं ठरवलं होतं आणि दिवसभर नुसती गाडी पळवली, बिबट्या दिसला असता तरी थांबायला वेळ नव्हता. दुपारी ११ ते ३ प्राणी सावलीला असतात, तेव्हा आपणही कॅम्पात येऊन झोपावं.

१०. मध्ये लघवीला कुठे जायचं?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा आणि सगळ्यात हळू आवाजात विचारला जाणारा प्रश्न. झाडामागे नाही, म्हणजे नाहीच. कॅम्प किंवा पिकनिक साइट: आफसाल, न्कुहलू, त्शोक्वाने, मासोरिनी आणि अजून काही. निघताना पुढची साइट किती लांब ते बघायचं, मुलांना 'नाही आली' म्हटली तरी पाठवायचं, चहा बेताने. पिकनिक साइटवर उतरता येतं, गॅसवरचा मोठा तवा भाड्याने मिळतो, त्याला स्कॉटल म्हणतात. लोक त्यावर अंडी-बेकन करतात, आम्ही कांदेपोहे केले आणि शेजारच्या आफ्रिकान्स काकांनी दोनदा घेतले.

११. शुद्ध शाकाहारी माणसाचं काय?

किचनवाला बंगलो घ्या, प्रश्नच मिटला. तांदूळ, कांदे-बटाटे, टोमॅटो, ब्रेड, दूध कॅम्पाच्या दुकानात मिळतं, पण पार्कात शिरायच्या आधी मालेलेन, हेझीव्ह्यू किंवा म्बोम्बेलाच्या सुपरमार्केटात भरून घेतलं तर स्वस्त आणि ताजं. दक्षिण आफ्रिकेत भारतीय वंशाचे लोक पुष्कळ असल्यामुळे डाळी-मसालेही मोठ्या दुकानात दिसतात. रेस्टॉरंटात शाकाहारी म्हणजे पिझ्झा, टोस्टेड सँडविच, चिप्स, सॅलड, तीन दिवसांत कंटाळा येतो. छोटा कुकर न्या. आईने साटाराच्या ओट्यावर खिचडी लावली तेव्हा कुंपणापलीकडे तरस येऊन उभं राहिलं होतं, ती म्हणाली याला पण वाढू का, तर त्याचं उत्तर पुढच्या प्रश्नात.

१२. माकडं-बिकडं त्रास देतात का? खायला घातलं तर?

खायला घालायचं नाही, कुंपणाजवळच्या तरसालाही नाही, कायद्याने गुन्हा आहे आणि माणसाला सोकावलेला प्राणी शेवटी मारावा लागतो. त्रास मात्र देतात. व्हर्व्हेट माकडं आणि बबून महाबळेश्वरच्या माकडांचे बाप. फ्रिज बऱ्याचदा बाहेर ओट्यावर असतो, त्याला कडी किंवा जाळी असते, ती लावायचीच. खोलीचं दार उघडं टाकून आंघोळीला गेलात तर केळी गेली. पिकनिक साइटवर गाडीच्या काचा वर. रात्री हनी बॅजर येतो, अंगाने छोटा, डोक्याने चोर, कचऱ्याचे डबे उघडतो. त्याच्या वाटेत जाऊ नका, तो कुणालाच घाबरत नाही.

१३. बाकी रात्री कॅम्पात प्राणी शिरतात का? सिंह?

मुख्य कॅम्पांना विजेचं कुंपण आहे, मोठे प्राणी बाहेर. आत हरणं, रानडुकरासारखे वॉर्टहॉग, माकडं आणि क्वचित साप. कुंपण म्हणजे भिंत नव्हे, त्यामुळे रात्री टॉर्चशिवाय चालू नका, बूट झटकून घाला. आवाज मात्र सगळे येतात, सिंहाची डरकाळी लांबून आली तरी खिडकीशी आहे असं वाटतं. मुलं पहिल्या रात्री आमच्यात येऊन झोपली, दुसऱ्या रात्री आम्हालाच उठवत होती, ऐका ऐका म्हणून. रात्री साडेनऊनंतर शांतता पाळायची असते, गाणी लावायची नाहीत.

१४. मलेरिया? यलो फीवर?

क्रूगर मलेरियाच्या पट्ट्यात आहे, धोका ऑक्टोबर ते मे जास्त, कोरड्या थंडीत कमी पण शून्य नाही. गोळ्या कुठल्या आणि कधीपासून ते डॉक्टरांना विचारा, विशेषतः लहान मुलं आणि गरोदर बाई असेल तर, व्हॉट्सॲपवर विचारू नका. संध्याकाळी लांब बाह्या, ओडोमॉस चालतं. परत आल्यावर काही आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरला आफ्रिकेचं आधी सांगा. दक्षिण आफ्रिका यलो फीवरचा देश नाही, पण अदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे गेलात आणि तिथे १२ तासांपेक्षा जास्त थांबलात तर सर्टिफिकेट मागतात, परत येताना आपल्या विमानतळावरही प्रश्न निघतो. लस घेऊन १० दिवस झाल्यावरच सर्टिफिकेट लागू होतं, एकदा घेतली की आयुष्यभर चालते. कटकट नको असेल तर दुबई किंवा दोहामार्गे जा.

१५. भारतातून खायचं काय नेऊ? आणि पार्कातून काय बाहेर नेता येत नाही?

फोडणीचे मसाले, चहा, पॅकबंद चिवडा ठीक. दूध-तुपाचे पदार्थ, मध, ताजी फळं-भाज्या, बी-बियाणं आणि मांस-मासळी परवान्याशिवाय नेऊ नका, म्हणजे सुकट-बोंबील घरीच. दुसरी गंमत परतताना: खूर असलेल्या जनावरांचं ताजं मांस पार्काबाहेर नेता येत नाही, खुरकूत रोगामुळे. म्हणजे ब्रायसाठी (निखाऱ्यावर भाजायला) मटण मोजकंच घ्या, उरलं की गेलं. दारू कॅम्पात मुक्कामी असलेल्याला चालते, पण एक दिवसासाठी आलेल्यांना आत आणायला बंदी आहे.

१६. आईबाबा ७०च्या पुढचे आणि मुलगा ५ वर्षांचा, झेपेल का?

स्वतःच्या गाडीने असल्यामुळे उलट सोपं. कंटाळा आला की कॅम्पात परत, खोलीच्या दारात गाडी लागते. बर्ग-एन-दाल, प्रिटोरियसकॉप वगैरे कॅम्पांत पोहायचा तलाव आहे, मुलांची दुपार तिथे जाते. तीन वर्षांखालच्या मुलाला कार सीट सक्तीची, भाड्याच्या गाडीबरोबर आधीच मागून ठेवा. मात्र पार्काच्या उघड्या गाडीतल्या सफारीला ६ वर्षांखालच्यांना घेत नाहीत, आणि सकाळच्या पायी फेरीला वय १२ ते ६५ लागतं. आमच्या बाबांना हे तिथे जाऊन कळलं आणि ते दिवसभर रुसले होते.

१७. गेट बंद झाल्यावर बाहेर पडायचा काहीच मार्ग नाही?

आहे. पार्क खात्याच्याच पहाटेच्या, संध्याकाळच्या आणि रात्रीच्या सफारी असतात, त्यांची गाडी गेट उघडायच्या आधी किंवा बंद झाल्यावर बाहेर जाते. सर्चलाइटमध्ये उदमांजरासारखे जेनेट आणि सिव्हेट, घुबडं, नशीब असेल तर बिबट्या. खोली बुक करतानाच हेही बुक करा. आणखी एक भारी प्रकार म्हणजे पाणवठ्यावरच्या लपणात रात्र काढायची, फालाबोर्वा गेटाजवळ सेबल आणि मोपानी कॅम्पाजवळ शिपांदानी. दिवसा पक्षी बघायचं लपण, गेट बंद व्हायच्या वेळेला तुमचं घर.

१८. विमान दुपारी उतरतंय, बंद व्हायच्या आत कॅम्पात पोचणार नाही. मग?

जोहान्सबर्गला दुपारी उतरत असाल तर त्या दिवशी पार्कात जायचा हट्टच सोडा, वाटेत म्बोम्बेलाला झोपा. अगदीच अडलं तर गेटाला लागून असलेल्या काही कॅम्पांना पैसे भरून सोबत माणूस देऊन उशिरा आत सोडतात, पण आधी फोन करून विचारावं लागतं आणि लोअर साबी-साटारासारख्या आतल्या कॅम्पांना ते नाही. विमानाने थेट स्कुकुझा विमानतळावरही येता येतं, महाग पडतं. कॅम्पात खोली दुपारी २ला मिळते, सोडायची सकाळी १०ला. खोली सोडली तरी त्या दिवशी गेट बंद होईपर्यंत पार्कात फिरता येतं, परतीचं विमान रात्रीचं घ्या.

१९. चार्जर, फोन, पेट्रोल?

तिकडचं सॉकेट मोठ्या तीन गोल पिनांचं, आपल्या गीझरच्या १५ अँपिअरच्या प्लगसारखं, त्यामुळे घरून एक पॉवर प्लगची एक्स्टेन्शन नेली की सगळे चार्जर लागतात. रेंज कॅम्पांच्या आसपास, मधे गायब. पेट्रोल बहुतेक मुख्य कॅम्पांत, टाकी अर्धी झाली की भरा.

२०. गेंड्याचा फोटो लगेच टाकला तर काय बिघडतं?

शिकारी बघतात. फोटोतलं लोकेशन बंद ठेवा आणि कुठल्या रस्त्यावर दिसला ते लिहू नका. रिसेप्शनपाशी साइटिंगचा बोर्ड असतो, सिंह-बिबट्या-रानकुत्र्यांच्या रंगीत खुणा लावायच्या, त्यावरही गेंडा कोणी लावत नाही.

२१. टायर पंक्चर झाला तर उतरायचं का?

लगेच नाही. आजूबाजूला नीट बघा, काच खाली करून मागून येणाऱ्या गाडीला थांबवा, ते सोबत उभे राहतात किंवा पुढच्या कॅम्पात सांगतात. मुख्य रस्त्यावर अर्ध्या तासात कोणी ना कोणी येतंच. प्रवेशाच्या परमिटवर आपत्कालीन नंबर असतो, त्याचा फोटो काढून ठेवा.

२२. गेट बंद व्हायला २० मिनिटं, कॅम्प १० किलोमीटर आणि समोर हत्ती रस्त्यावर आडवा. काय करायचं?

थांबायचं. हॉर्न नाही, लाइट मारायचा नाही, बाजूने घुसायचं नाही. मागे यायला जागा ठेवून गाडी चालू ठेवा. कान फडकवत, डोकं हलवत तुमच्याकडे आला तर हळूहळू रिव्हर्स. एकटा नर, डोळ्याच्या मागून काळा ओघळ आणि मागचे पाय ओले दिसले तर तो माजावर आलेला आहे, आणखी लांब राहा. रेंज असेल तर नंबर लावून सांगा. आमच्यापुढे लोअर साबीच्या अलीकडे असाच एक उभा राहिला, निवांत फांदी मोडून खात, आणि मी घड्याळाकडे बघत घामाघूम. १५ मिनिटांनी तो सावकाश उतरून नदीकडे गेला. गेटवर पोचलो तेव्हा ७ मिनिटं उशीर झाला होता, पहारेकऱ्याने विचारलं हत्ती का, मी मोबाइलवरचा फोटो दाखवला, त्याने तो मोठा करून नीट पाहिला, सुळे केवढे आहेत म्हणाला आणि गेट उघडलं. प्रत्येकाला सोडतीलच असं नाही, दंडाची तयारी ठेवा.